सदाफुली : नाव गोड, पान कडू



वर्षावासात आमच्या वाडीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले की थोडा वेळ आरोग्यावर बोलायचे, असे महिला मंडळाने मला सांगून ठेवले आहे. श्रावणातल्या पौर्णिमेला सातवीतली एक मुलगी पूजेसाठी ओंजळभर सदाफुली घेऊन आली. चार दिवस धो धो पाऊस लागला होता. मोगरा, जास्वंद सगळे झोडपून गेले होते, फुलत होती ती एकटी सदाफुली. पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, “ही कशाला आनलीस गो? ही मसनवटीतली फुलं.” शेजारची बाई लगेच म्हणाली, “मसनवटीतली काय, आमच्या दारात हाय. साखरेवर औषध हाय ते.” मुलगी बिचारी गोंधळली. तिने मला विचारले, “मॅडम, हिचं नाव सदाफुली कोणी ठेवलं?”

त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी वाचत गेले, विचारत गेले, आणि लक्षात आले की तिघींचे म्हणणे एकमेकांत गुंतलेले आहे. शिवाय या झाडाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झालेली आहे. तीही सांगायची आहे.

आधी मुलीचा प्रश्न. नाव सरळ आहे. ‘सदा’ म्हणजे नेहमी आणि ‘फुली’ म्हणजे फुलणारी. आपण वंदनेतून पाली थोडीफार ऐकतो, म्हणून सांगते, ‘सदा’ हा शब्द पालीतही हाच आहे आणि ‘फुल्ल’ म्हणजे उमललेले. त्याच ‘फुल्ल’पासून आपला ‘फूल’ आला. कागदावर मारतो ती फुलीही फुलाचीच धाकटी बहीण. सदाफुलीला असे नाव पडले, कारण तिला ऋतू नाही. आपल्या किनाऱ्यावर रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनकडे वाळूत, खाऱ्या वाऱ्यात, कुंपणाच्या दगडांत ती कुठेही उगवते. वैशाखात फुलते, आषाढात फुलते. एकेक फूल खरे म्हणजे दोन-चार दिवसांत गळते. पण पानांच्या बगलेत नवी कळी तयारच असते, म्हणून झाड कधी रिकामे दिसत नाही. पुष्पपूजेच्या गाथेत फूल कोमेजते तसे हे शरीरही, असा अर्थ आहे. तिथे हे ‘सदा’ नाव जरा विसंगत वाटेल, पण ‘सदा’ आहे ते झाडाला, फुलाला नाही.

बाकीच्या भाषांनीही हेच पाहिले. हिंदीत सदाबहार, गुजरातीत बारमासी, तमिळमध्ये नित्यकल्याणी. बंगालीत मात्र तिला नयनतारा म्हणतात, कारण पाकळ्यांच्या मध्यभागी गडद ठिपका असतो, डोळ्याच्या बाहुलीसारखा. पांढऱ्या सदाफुलीत लाल ठिपका बघा, म्हणजे हे नाव पटेल. तेलुगूत बिळ्ळ गन्नेरु. गन्नेरु म्हणजे कण्हेर. कन्नडमध्येही काशी कणगिले, तिथेही कणगिले म्हणजे कण्हेरच. मला ही दोन नावे सगळ्यांत शहाणी वाटतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे सदाफुली खरोखरच कण्हेरीच्या कुळातली आहे, आणि कण्हेर विषारी असते हे कोकणातल्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते. ज्या बायकांनी ‘गन्नेरु’ म्हटले त्यांनी पान, फूल, पाकळ्यांची मुरड बघून नाते ओळखले. आपल्या मराठी नावात ती खूण नाही. आपण फक्त फुलणे पाहिले.

आजींची मसणवटीही खोटी नाही. तमिळमध्ये या फुलाचे दुसरे नाव सुडुकाट्टु मल्ली, म्हणजे स्मशानातला मोगरा. मल्याळममध्ये शवंनारी, म्हणजे प्रेतासारखी वास मारणारी. आपल्या बौद्ध श्रीलंकेत सिंहली लोक तिला मिनी मल म्हणतात, तेही प्रेताचेच फूल. कारण अगदी साधे असावे. पाणी घालावे लागत नाही, राखण करावी लागत नाही, आणि शेळी तिला तोंड लावत नाही. माणूस पुरून किंवा जाळून सगळे घरी गेले की तिथे मागे टिकणारे झाड कोणते? हेच. म्हणजे एकाच गुणामुळे कुणी तिला नित्यकल्याणी म्हटले आणि कुणी प्रेतफूल. झाडाचा त्यात काही दोष नाही. दारात दिसली तिथे एक नाव पडले, स्मशानात दिसली तिथे दुसरे. आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग ठेव पूजेला.” प्रश्न मिटला.

शेळी तोंड लावत नाही, हे मात्र विसरू नका. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात नेमके उलटे लिहिलेले असते. सदाफुली आपल्या देशातली नाही. ती मादागास्करची. आपल्या अरबी समुद्रातून खाली आफ्रिकेच्या बाजूला गेले की हिंदी महासागरात हे मोठे बेट लागते. तिथून जहाजांबरोबर ती जगभर गेली. अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत तिचे बी रुजले आणि १७५९ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘विंका रोझिया’ असे शास्त्रीय नाव दिले. तेव्हा “हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात सदाफुलीचा मधुमेहावर उपाय सांगितला आहे” असे कुणी म्हणाले, तर विचारा, कोणत्या ग्रंथात? जुन्या ग्रंथांत ‘सदापुष्प’ असा शब्द आहे हे खरे. पण भावप्रकाशात ते नाव पांढऱ्या रुईला आलेले आहे, सदाफुलीला नव्हे. नावे सारखी दिसली की लोक झाडे बदलतात. ग्रंथाचे नाव सांगितले की आपण गप्प बसतो, ही सवय आपल्याला कुणी लावली हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

‘विंका’ हा शब्द लॅटिन आहे. त्याचा संबंध ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. युरोपात याच कुळातली एक लांब वेलीसारखी पसरणारी वनस्पती आहे, तिच्या दोरीसारख्या फांद्या वळून हार बांधायचे. लिनियसला आपली सदाफुली तिच्याच जातीची वाटली. पुढे १८३० च्या दशकात जॉर्ज डॉन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ती वेगळी काढली आणि नवे नाव दिले, ‘कॅथरँथस’. ग्रीक भाषेत याचा अर्थ शुद्ध, निर्मळ फूल. झाले! सदा फुलणारी, नित्य कल्याण करणारी, आणि आता शुद्ध. इतकी गोड नावे ज्याला मिळाली ते पान चावायला कोण घाबरेल?

मी घाबरले नाही, म्हणून पुढचे सांगते.

नर्सिंगची पदविका घेतल्यावर मी मुंबईतल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या कर्करोग वॉर्डात पावणेदोन वर्षे नोकरी केली. रक्ताच्या कर्करोगाची मुले. त्यांना जी औषधे देत असू त्यांत एक होते विनक्रिस्टीन. छोटी बाटली, फ्रिजमध्ये ठेवायची, उजेड लागू द्यायचा नाही. हातमोजे घालूनच हात लावायचा. दोन परिचारिकांनी मुलाचे नाव, डोस, बाटली ताडून बघायची. ते फक्त शिरेतून द्यायचे. शिरेबाहेर सांडले तर कातडी आणि खालचे मांस जळते. आणि चुकून पाठीच्या कण्यात गेले तर मूल वाचत नाही. त्याच मुलांना दुसरे एक औषध कण्यातून देतात, म्हणून ही चूक जगात अनेक ठिकाणी झालेली आहे. त्यासाठीच बाटलीवर आणि पिशवीवर तसा इशारा ठळक लिहिलेला असतो. औषध गेल्यावर आठवड्याभरात मुलांचे पोट घट्ट व्हायचे, जबडा दुखायचा, पायाला मुंग्या यायच्या. काही मुले पाऊल ओढत चालायची. तरी आम्ही ते देत होतो, कारण त्याच्यामुळे मुले घरी जात होती.

हे विनक्रिस्टीन सदाफुलीच्या पानांतून काढतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आईच्या दारात सदाफुलीची रांग होती. सुट्टीत गावी गेले की मीच तिला पाणी घालायची. वॉर्डात हातमोजे आणि दारात ओंजळ. दोन नावे होती, म्हणून मला दोन वस्तू वाटल्या. वास्तविक ‘विनक्रिस्टीन’मधला ‘विन’ हा त्या लिनियसच्या ‘विंका’चाच आहे. शास्त्रज्ञांनी झाडाचे नाव बदलले, औषधात जुनेच राहिले. शिकवताना कुणी एवढे एक वाक्य सांगितले असते तर बरे झाले असते.

हे औषध सापडले कसे, तीही गोष्ट साखरेपासूनच सुरू होते. जमैका बेटावर इन्सुलिन मिळत नसे तेव्हा मधुमेही लोक सदाफुलीच्या पानांचा काढा पीत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरने काही पाने पाकिटात घालून कॅनडात क्लार्क नोबल या डॉक्टरांना पाठवली. क्लार्क नोबल तरुणपणी इन्सुलिन शोधणाऱ्या टोरांटोच्या मंडळींत होते. त्यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट यांनी उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला. साखर हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला. साखर तरीही हलली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी भराभर उतरलेल्या आणि हाडांतला मगज बसलेला. दुसऱ्या कुणी ती पाने केराच्या टोपलीत टाकली असती. नोबल यांनी उलटा विचार केला. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगात हे उपयोगी पडेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांच्या मदतीने त्यांनी त्यातले द्रव्य वेगळे केले, आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन जगापुढे आले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या औषध कंपनीतल्या संशोधकांनी याच झाडातून विनक्रिस्टीन काढले. १९६३ साली तिथे त्याला मंजुरी मिळाली. त्याआधी रक्ताच्या कर्करोगाचे मूल म्हणजे काही महिन्यांचा पाहुणा. आज ज्या देशांत पूर्ण उपचार मिळतात तिथे मुलांमधल्या सर्वांत नेहमीच्या रक्ताच्या कर्करोगात दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. अर्थात हे एका औषधाचे काम नाही, चार-पाच औषधे मिळून ते करतात. पण त्यांत हे आजही आहे.

ते काम कसे करते? पेशी एकीच्या दोन होतात तेव्हा आत बारीक धाग्यांची दोरखंडे उभी राहतात आणि पेशीचा ऐवज दोन बाजूंना ओढून नेतात. हे औषध ती दोरखंडे उभी राहू देत नाही. पेशी मधेच अडकते आणि मरते. ज्या पेशी सारख्या वाढतात त्या आधी सापडतात : कर्करोगाच्या, पण केसांच्या मुळाच्याही आणि रक्त बनवणाऱ्याही. मज्जातंतूही त्याच धाग्यांवर चालतात, म्हणून मुंग्या. एक ग्रॅम विनक्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. तमिळनाडूत यासाठी सदाफुलीची शेती होते. मादागास्करच्या लोकांना मात्र या सगळ्या कमाईत वाटा मिळाला नाही. त्याबद्दल एक स्वतंत्र लेख होईल.

आता माझी चूक. नोकरी सोडून मी गावाकडे कामाला लागले, त्याला बरीच वर्षे झाली. शेजारच्या वाडीतल्या एक मावशी मला रस्त्यात भेटल्या. त्यांना मधुमेह. त्या म्हणाल्या, “बाय, कोणीतरी सांगितलं, सकाळी सदाफुलीची पाच पानं चावून खायची. खाऊ का?” मी घाईत होते. म्हटले, “खा, त्याने काही होत नाही. नुसतं फूल ते.” मी ‘गोळ्यांबरोबर’ हा शब्द बोलले नाही आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. सहा महिन्यांनी त्यांच्या पायाच्या बोटाला चपलेचे घासून जखम झाली. पाय बधिर, म्हणून कळले नाही. कळले तेव्हा बोट काळे पडले होते. दोन बोटे काढावी लागली.

त्यांना अडाणी म्हणू नका. मावशींनी हिशेब केला होता. गोळ्या आणायला एसटीने जायचे, रांग लावायची, एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि “गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या” हे ऐकून परत यायचे. पान दारात होते, फुकट होते आणि कडू होते. कडू खाल्ले की साखर मरते, अशी आपल्याकडे समजूतच आहे. कारले, कडुनिंब, काडेचिराईत, सगळे त्याच रांगेतले. पण रक्तातली साखर जिभेच्या चवीने वर-खाली होत नाही.

मग पानाने साखर उतरते की नाही? प्रामाणिक उत्तर असे आहे. नोबल यांच्या प्रयोगात उतरली नाही. नंतर सशांवर, उंदरांवर झालेल्या काही प्रयोगांत पानांच्या रसाने थोडी उतरल्याचे दिसले. माणसांत किती पाने, किती दिवस, कुणाला, याचे भरवशाचे माप आजही ठरलेले नाही. पाच पानांतून विनक्रिस्टीनचा डोस पोटात जातो असे मी म्हणत नाही, ते पानात अगदी कणभर असते. पण या झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइड आहेत. मुळांत तर रक्तदाबावर काम करणारे अजमालिसिनही आहे. (हेही एक नाव बघा, हकीम अजमल खान यांच्यावरून पडलेले.) कोणत्या झाडात काय किती, हे जमिनीवर आणि ऋतूवर बदलते. गोळीवर पाचशे मिलिग्रॅम लिहिलेले असते. पानावर काही लिहिलेले नसते. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर हे पान तोंडात घालूच नये. जे गोळीही घेतात आणि पानही खातात त्यांनी निदान डॉक्टरांना तसे सांगावे. साखर एकदम खाली गेली तर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे बरळते. तेव्हा शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरपाणी द्यायचे आणि दवाखाना गाठायचा.

मावशींना नंतर मी विचारले, गोळीच का सोडलीत? त्या म्हणाल्या, “गोळी केमिकल, पाला तो पाला.” त्यांना मी सांगितलेली गोष्ट तुम्हालाही सांगते. आपण घेतो ती मेटफॉर्मिनची गोळीही एका फुलझाडाच्या वाटेने आली आहे. युरोपात निळसर-जांभळ्या फुलांचे एक झुडूप आहे, गॅलेगा नावाचे. तिकडच्या खेड्यांत सारखी लघवी होणाऱ्याला ते देत. त्यात साखर उतरवणारे द्रव्य निघाले, पण ते विषारी होते. तेव्हा त्याच धर्तीची, अंगाला सोसतील अशी द्रव्ये प्रयोगशाळेत तयार केली गेली. फ्रान्सच्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ साली मेटफॉर्मिन रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी तिला नाव ठेवले ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारी. तेव्हा भांडण पाला आणि केमिकलचे नाहीच. पाला तपासला, विष वेगळे काढले, माप ठरवले की गोळी होते. सदाफुलीच्या पानाचे साखरेसाठी ते काम झालेले नाही, कर्करोगासाठी झाले आहे.

बाबासाहेबही मधुमेहाने त्रस्त होते, हे आपण त्यांच्या चरित्रांत वाचले आहे. आपल्या वस्त्यांत आज घर टाकून घर हा आजार आहे. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, गोळ्याही मोफत असतात. नसतील तर चिठ्ठीवर ‘औषध उपलब्ध नाही’ असे लिहून मागा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, कारण ती चिठ्ठी घेऊन पुढे भांडता येते. आमच्या मंडळाने आता एकच सोय केली आहे. महिन्यातून एकदा एक बाई सगळ्यांची कार्डे घेऊन जाते आणि जमेल त्यांच्या गोळ्या आणते. दहा जणींची मजुरी वाचते. आणि मधुमेह असलेल्याने रात्री झोपताना दोन्ही तळपाय बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला बघायला सांगायचे.

सदाफुली उपटून टाका, असे मी म्हणत नाही. दारात असू द्या, विहारात वाहा. रांगत्या मुलाच्या आणि वासराच्या तोंडी पाने जाणार नाहीत एवढे बघा. माझ्या आईच्या दारातली रांग अजून तशीच आहे.

त्या सातवीतल्या मुलीने मग पुठ्ठ्यावर सगळी नावे लिहिली : सदाफुली, बारमासी, नयनतारा, मिनी मल, विंका, कॅथरँथस. खाली लाल शाईने लिहिले, ‘पाने खाऊ नयेत.’ पुठ्ठा विहाराच्या पायरीजवळच्या झाडाला बांधला आहे. पावसात शाई ओघळली, पण वाचता येते. मावशी आता काठी घेऊन वाचनाला येतात, गोळी रोज घेतात. गेल्या महिन्यात त्यांची उपाशीपोटीची साखर १३८ आली. पुढची तपासणी याच महिन्यात आहे, कार्ड माझ्याकडे आहे.